परग्रहावरचा योद्धा इतका ओळखीचा का दिसतो?

परग्रहावरचा लढवय्या कुणीच पाहिलेला नाही. तरीही गेममध्ये तो दारातून आत आला की आठ वर्षांच्या पोरालाही कळतं, याला मारायचंय. माझा भाचा तर नाव-गाव विचारण्याच्या भानगडीतच पडत नाही. "वाईटच असणार गं मावशी, डोळे कुठे दिसतायत त्याचे?" एवढं म्हणून गोळी झाडून मोकळा होतो. त्याचं काही चुकत नाही, कारण डोळे दिसू नयेत अशी सोय कुणीतरी मुद्दाम केलेली असते. मी ऐरोलीत कॅरेक्टर आर्टिस्ट आहे. परदेशी स्टुडिओंच्या गेमसाठी माणसं, जनावरं आणि या दोहोंच्या मधलं काहीबाही घडवून देणं हे माझं रोजचं काम. ही सोय कशी करतात ते मला ठाऊक आहे. ती करता करता त्या आकृतीत आणखी काय काय शिरतं, त्याबद्दल मात्र आमच्या धंद्यात फारसं बोललं जात नाही.

व्हिडिओ गेममधले पहिले गाजलेले परग्रहवासी नवी मुंबईत रोज विकायला असतात. सकाळी दिवाळे गावच्या मासळी बाजारात जा. पाटीत चिंबोऱ्या असतात, बाजूला माकूल पडलेलं असतं, एखाद्या दिवशी ऑक्टोपसही दिसतो. १९७८ साली जपानच्या ताइतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' केला, त्यातले हल्लेखोर हेच तिघे. उंची प्रत्येकी आठ ठिपके. रुंदी माकुलाची आठ, खेकड्याची अकरा, ऑक्टोपसची बारा. एवढ्याशा जागेत 'हे जिवंत आहे आणि आपल्यातलं नाही' हे दाखवायचं तर समुद्रातला प्राणी बरा पडतो. पाय पुष्कळ आणि चेहरा असा नाहीच. एच. जी. वेल्स यांच्या १८९८ मधल्या कादंबरीतले मंगळवासी साधारण ऑक्टोपसच्या अंगाचे होते, त्यावरून निशिकादोंना ही कल्पना सुचली. त्याआधी त्यांनी रणगाडे आणि विमानं करून पाहिली होती, पण ती पडद्यावर नीट सरकेनात. माणसांची हालचाल छान जमत होती, पण माणसांवर गोळ्या झाडायचा खेळ काढणं कंपनीला मान्य नव्हतं.

थोडक्यात, परग्रहवासी गेममध्ये आला तो माणसाच्या बदली कामगार म्हणून. ज्याला मारल्याचं पाप लागत नाही असा कुणीतरी हवा होता. पुढे ग्राफिक्स कुठल्या कुठे गेले, आठ ठिपक्यांच्या जागी लाखो त्रिकोणांची शरीरं आली, पण त्याची नोकरी तीच राहिली.

ती नोकरी नीट बजावायची तर पहिली अट म्हणजे तो झटकन ओळखू आला पाहिजे. खेळणाऱ्याकडे विचार करायला वेळ नसतो. धूर आहे, अंधार आहे, शत्रू लांब आहे आणि पापणी लवायच्या आत ठरवायचंय की हा आपला की परका. म्हणून आम्ही सुरुवात करतो ती बाह्याकृतीपासून, स्टुडिओत सगळे तिला सिल्हूट म्हणतात. पात्र पूर्ण काळं भरायचं, नखाएवढं लहान करायचं आणि बाजूच्या टेबलावरच्याला विचारायचं, हे काय आहे? त्याने ओळखलं तर पुढे जायचं, नाहीतर कागद फाडायचा. व्हॉल्व कंपनीने 'टीम फोर्ट्रेस २' करताना, २००७ मध्ये, यावर एक शोधनिबंधच लिहिला होता. पात्र कोणतं ते आकृतीवरून कळावं, कुठल्या बाजूचं ते रंगावरून, आणि हातात काय आहे ते छातीपाशी गडद-फिक्याचा फरक सगळ्यात ठळक ठेवल्यामुळे, अशी त्यांची उतरंड होती. आजही बहुतेक ठिकाणी तशीच चालते.

मग आकार. गोल मऊ वाटतो, टोकदार बोचरा वाटतो, एवढं लहान मुलालाही समजतं. रुंद खांदे आणि निमुळती कंबर, म्हणजे खाली टोक केलेला त्रिकोण, ही लढवय्याची ठरलेली बैठक. चेहऱ्याचं गणित याहून गमतीचं आहे. कॉनराड लॉरेन्झ या प्राणिशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये मांडलं होतं की मोठं कपाळ, मोठे डोळे, फुगीर गाल आणि बारीक हनुवटी दिसली की माणसाला माया वाटते, कारण बाळाचा चेहरा तसा असतो. आम्ही ते कोष्टक उलटं धरतो. कपाळ बुटकं, भुवईचं हाड पुढे, डोळे बारीक आणि भुवईच्या सावलीत गडप, जबडा दांडगा. झाला शत्रू तयार. डोळे ठेवायचेच असतील तर त्यांत बुबुळ न ठेवता नुसता उजेड ठेवायचा. बुबुळ दिसलं की समोरचा कुठे बघतोय ते कळतं, आणि ते कळलं की तो काय विचार करत असेल असं मनात येतं. गोळी झाडताना ते परवडत नाही.

आता पाय. 'हेलो' या गेममधले एलीट नावाचे योद्धे ज्यांनी पाहिलेत त्यांना त्यांचे मागे मुडपल्यासारखे पाय आठवत असतील. अस्सल नमुना बघायचा तर हिवाळ्यात नेरुळला टी. एस. चाणक्य या नौकाप्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीवर जावं किंवा ऐरोलीहून बोटीने ठाणे खाडीत शिरावं. ही खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये रामसर यादीतही गेली. चिखलात उभ्या असलेल्या फ्लेमिंगोचा पाय मधोमध मागे दुमडतो आणि बघणारे हमखास म्हणतात, "याचा गुडघा उलटा आहे." तो गुडघा नसतोच, घोटा असतो. खरा गुडघा वर पिसांत लपलेला, आपल्यासारखाच पुढे वाकणारा. फ्लेमिंगो आयुष्यभर चवड्यांवर उभा असतो. कुत्रा, मांजर, घोडा यांचंही तेच. कॅरेक्टर आर्टिस्टसाठी ही स्वस्तातली करामत आहे. धड माणसाचं ठेवायचं, हात माणसाचे ठेवायचे, फक्त टाच उचलून घोटा वर न्यायचा, की बघणाऱ्याचं मन ताबडतोब म्हणतं, हा माणूस नव्हे. शिवाय त्याच्या चालीत झेप घेण्याची तयारी आपोआप येते.

बाकी शरीर माणसाचंच का ठेवतात? पैसा. आमच्या भाषेत रिग म्हणजे आतला सांगाडा, ज्यावर सगळी हालचाल बसवलेली असते. दोन हात, दोन पाय असले की धावणं, भिंतीआड लपणं, बंदूक भरणं हे सगळं एकदा करून अनेकांना वापरता येतं. सहा पायांचा योद्धा कागदावर छान दिसतो, पण तो जिना कसा चढेल हे कुणालातरी बसून ठरवावं लागतं आणि त्याचे पैसे द्यावे लागतात. एलीटच्याच बाबतीत, 'हेलो' बनवणाऱ्या बंजी स्टुडिओत, असा एक वाद झाला होता. स्टुडिओचे जेसन जोन्स यांना त्याला शेपूट हवी होती. कॉन्सेप्ट आर्टिस्ट शि काय वांग यांचं म्हणणं, शेपूट लावली की तो फार जनावर वाटेल. शेपूट शेवटी गेली, आणि जाण्यामागे एक अगदी संसारी अडचणही होती. हे योद्धे गाड्या चालवतात. सीटवर बसल्यावर शेपूट ठेवायची कुठे?

मला हा किस्सा आवडतो तो वांग यांच्या आक्षेपासाठी. माणूस किती आणि जनावर किती, हे माप कुणीतरी हाताने लावत असतं. इथवर ही निव्वळ कारागिरी आहे आणि तिच्यात मला काही वावगं वाटत नाही. कोळी, वटवाघूळ, खेकडा यांच्याकडून भीती उसनी आणली तर कुणाचं काही बिघडत नाही. गडबड पुढच्या पायरीवर होते. शरीर तयार झालं की त्याला कपडे, दागिने, शस्त्रं, भाषा, देवधर्म द्यावा लागतो, आणि खेकड्याकडे यातलं काहीच नसतं. तिथे उसनवारी माणसांकडूनच करावी लागते.

एका कामाचा ब्रीफ, म्हणजे स्टुडिओने लिहून पाठवलेली मागणी, सांगते. नाव सांगता येणार नाही, करार असतात. मजकूर साधारण असा होता: अभिमानी, आक्रमक, 'ट्रायबल' योद्धा जमात, मान-अपमान हेच सर्वस्व. सोबत मूडबोर्ड, म्हणजे संदर्भाच्या फोटोंचा फळा. त्यावर भाले घेतलेले मसाई तरुण, तोंडावर गोंदण असलेला माओरी पुरुष, पापुआ न्यू गिनीतला पिसांचा मुकुट घातलेला कुणीतरी, सामुराई चिलखत, आणि त्यांच्याच रांगेत गोरिला आणि गेंडा. फळा लावणाऱ्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. कातडीचा पोत गेंड्याचा घ्या, पवित्रा गोरिलाचा घ्या, नक्षी माओरींची घ्या, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण एकाच फळ्यावर जिवंत माणसं आणि जनावरं एकाच कामासाठी टाचलेली होती. त्यात न्यूयॉर्कचा बँकर किंवा स्वित्झर्लंडचा गवळी मात्र कुठेच नव्हता.

मी काम केलं. मातीसारखा डिजिटल गोळा घेऊन भुवई ओढली, गालाची हाडं काढली, नाक बसकं केलं. पाठवलं की फीडबॅक यायचा: आणखी आक्रमक. मग जबडा आणखी पुढे. पुन्हा तेच. मग खांद्यावर कवटी, गळ्यात दातांची माळ, छातीवर व्रण. तेव्हा टीममधला एक जण म्हणाला, "जो प्रकाशवर्षं ओलांडून आलाय, त्याला बटण बनवता येत नाही?" आम्ही हसलो, माळ तशीच राहिली. पण मला तो प्रश्न रास्त वाटतो. यान बांधायला धातुशास्त्र लागतं, गणित लागतं, हिशेब ठेवणारे लागतात, संप करणारे कामगारही लागत असतील. हे सगळं गाळून त्याच्या संस्कृतीत फक्त लढाई ठेवायची, हा शोध गेमवाल्यांचा नाही. तो जुना आहे, आणि आपल्याकडे त्याचा अनुभव घरचा आहे.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी लष्करभरतीचं धोरण बदललं. बंगालच्या फौजेतल्या ज्या भागांतले शिपाई उठले त्यांच्यावरचा भरवसा उडाला, पंजाब आणि नेपाळकडचे जवळचे वाटू लागले. हळूहळू त्या राजकीय सोयीवर शास्त्राचा मुलामा चढला: काही जाती जन्मतःच शूर, बाकीच्या जन्मतःच नेभळट. 'लढाऊ वंश' म्हणून ओळखला जाणारा सिद्धांत तो हाच. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स त्याचे मोठे पुरस्कर्ते. भरती अधिकाऱ्यांसाठी जातवार हँडबुकं निघाली, गुरख्यांचं वेगळं, शिखांचं वेगळं, मराठ्यांचं वेगळं. त्यांत इतिहास, चालीरीती, अंगकाठी, स्वभाव, कुठल्या तालुक्यातला माणूस चांगला, असं सगळं. हे हँडबुक आणि आजच्या गेममधला कोडेक्स, म्हणजे प्रत्येक परग्रही जमातीची माहिती देणारं पान, शेजारी शेजारी ठेवून वाचावं. मांडणी तीच: शरीर, त्याखाली स्वभाव, त्याखाली रूढी, त्याखाली युद्धात उपयोग काय.

या सिद्धांताची किंमत महाराष्ट्रात कुणी मोजली तेही ठाऊक आहे. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते, १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत लढले होते. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची भरती थांबवली. हे लढाऊ नाहीत म्हणे. माजी सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा तेच पुन्हा लढाऊ ठरले, युद्ध संपल्यावर पलटण मोडली, दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, महार रेजिमेंट उभी राहिली. रक्तातला म्हटलेला गुण सरकारी गरजेप्रमाणे येत-जात होता.

या पार्श्वभूमीवर २००७ चा 'मास इफेक्ट' बघण्यासारखा आहे, कारण त्यात हा साचा जसाच्या तसा आहे आणि त्याच्यावरची शंकाही आहे. बायोवेअरच्या या गेममध्ये क्रोगन नावाची जमात आहे. पाठीवर मदार, कासवासारखी मान, प्रचंड ताकद, भांडकुदळ स्वभाव. पहिल्या भेटीत वाटतं, आला आणखी एक रानटी. मग कथा उलगडते. सॅलेरियन या हुशार जमातीने क्रोगनांना तंत्रज्ञान देऊन वर आणलं ते केवळ रॅक्नी नावाच्या शत्रूशी लढायला भाडोत्री फौज हवी म्हणून. काम झाल्यावर क्रोगन वाढले, जमीन मागू लागले, बंड झालं. मग सॅलेरियनांनी एक जनुकीय हत्यार बनवलं आणि ट्युरियन या शिस्तप्रिय लष्करी जमातीने ते सोडलं. तेव्हापासून क्रोगनांच्या हजारातलं एखादंच मूल जिवंत जन्मतं. हे कळल्यावर त्यांचा संताप रक्तातला वाटत नाही, इतिहासातला वाटतो. गेमच्या तिसऱ्या भागात, २०१२ मध्ये, त्यांना बरं करायचं की नाही हे खेळणाऱ्यालाच ठरवावं लागतं. माझ्या मते कुठल्याही गेमने या विषयाला घातलेला हा सगळ्यात धीट हात.

पण त्याच गेममध्ये क्वेरियन आहेत. घरदार गमावलेली, जहाजांच्या ताफ्यातून भटकणारी जमात. जिथे जातील तिथे लोक त्यांना चोर आणि भिकारी समजतात. अंगावर पूर्ण पोशाख, तोंडावर काच, बोलण्यात पूर्व युरोपचा हेल. युरोपातल्या वाचकाला रोमा भटके आठवतील. आपल्याला १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आठवायला हवा, ज्याने अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या आणि जो १९५२ पर्यंत रद्द झाला नाही. गेम क्वेरियनांची बाजू घेतो, त्यांच्यातली ताली ही तर अनेकांची लाडकी. तरी गोष्ट सांगायला साचा तोच उचलावा लागला, हे नोंदवून ठेवावं.

डोळ्यांनी जेवढं कळतं तितकंच कानांनी, आणि त्यासाठी २००४ चा नोव्हेंबर महिना एकदा नीट पाहावा. ९ तारखेला 'हेलो २' आला, १६ ला 'हाफ-लाइफ २', २३ ला 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. सलग तीन मंगळवार. 'हेलो २' मध्ये पहिल्यांदाच खेळणारा एलीटच्या कातडीत शिरला. आदल्या गेममध्ये ज्यांना टिपून टिपून मारलं त्यांच्यातलाच एक, आर्बिटर, आता नायक होता. चार तुकड्यांच्या जबड्याला हसू फुटत नाही, रडू दिसत नाही, त्यामुळे सगळा भार आवाजावर. तो आवाज कीथ डेव्हिड या कृष्णवर्णीय अमेरिकन नटाचा, खर्जातला, जखमी आणि खानदानी. त्याच गेममधला दुष्ट सरदार टार्टारस गोरिलासारखा केसाळ, हातात हातोडा, आणि त्यालाही आवाज कृष्णवर्णीय नटाचाच, केविन मायकल रिचर्डसन यांचा. पुढच्या मंगळवारी 'हाफ-लाइफ २'. पहिल्या भागात गळ्यात पट्टा आणि हातात बेड्या घातलेले व्हॉर्टिगॉन्ट नावाचे परग्रहवासी आता सुटले होते, मित्र झाले होते आणि उपनिषदांच्या थाटात बोलत होते. आवाज लुइस गॉसेट ज्युनियर यांचा, तेही कृष्णवर्णीय. तिघेही कसलेले नट, कामं अप्रतिम, एकातही खोट काढता येणार नाही. पण निवड करणाऱ्यांच्या कानात 'गुलामीतून आलेला धीरगंभीर योद्धा' म्हणजे कोणता आवाज, हे आधीच ठरलेलं होतं असं मला वाटतं. तिसऱ्या मंगळवारी 'वॉरक्राफ्ट'. त्यातले ऑर्क मुळात ड्रेनॉर या दुसऱ्या जगातून आलेले, म्हणजे हिशेबाने परग्रहवासीच. त्यांच्या बाजूचे ट्रोल जमैकन हेल काढून बोलतात आणि बैलमुखी टॉरेन उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींचे तंबू आणि टोटेम वापरतात. मानवांच्या राज्यात मात्र दगडी किल्ले आणि चर्चसारखी मंदिरं. कुठली संस्कृती माणसाची आणि कुठली इतरांची, याची वाटणी न बोलता झालेली.

बायांबद्दल फार लिहीत नाही, कारण लिहिण्यासारखं फार दिलेलंच नाही. 'मास इफेक्ट'मध्ये असारी या निळ्या, सडपातळ, माणसाच्या बाईसारख्या जमातीला पहिल्या दिवसापासून जागा होती. ट्युरियन आणि क्रोगनांची बाई बघायला मिळाली २०१२ मध्ये, आणि क्रोगन बाई आली तीही तोंड झाकून. जमात कुरूप असली की तिच्यातली बाई कशी दाखवायची हे कुणाला सुचत नाही, मग ती दाखवतच नाहीत. इथेही खर्चाची सबब असते, नवं शरीर म्हणजे नवी रिग. पण तीच सबब असारींच्या वेळी आड आली नाही.

आपण उसनं घेतलंय हे स्टुडिओंना बऱ्याचदा बाहेरचा माणूस सांगतो तेव्हा कळतं. आर्बिटरचं मूळ नाव दर्विश होतं. 'हेलो' बाजारात आणणाऱ्या मायक्रोसॉफ्टमध्ये भू-राजकीय तपासणी करणारा एक विभाग होता, त्याच्या लक्षात आलं की धर्मवेडी परग्रही आघाडी, तिच्यात सूफी परंपरेतलं नाव आणि समोर अमेरिकन वळणाचे सैनिक, हे सगळं मिळून अमेरिका विरुद्ध इस्लाम असं वाचलं जाईल. पहिला 'हेलो' ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी बाजारात आला होता, हे ध्यानात घेतलं तर ती शंका अनाठायी नव्हती. नाव बदललं. १९९७ च्या 'ऑडवर्ल्ड'मधला एब हा मांस-कारखान्यात राबणारा हडकुळा परग्रही गुलाम, हाताला चार बोटं. जपानमध्ये कत्तलखान्यात काम करणाऱ्या बहिष्कृत समाजाला चार बोटांची खूण करून हिणवलं जायचं, त्यामुळे तिथल्यासाठी त्याला तीन बोटांचं केलं. एका बोटात केवढी जातव्यवस्था! आणि २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'फॉलआउट ३' भारतात आणायचाच रद्द केला, सांस्कृतिक भावनांचं कारण देऊन. त्यात किरणोत्सर्गाने दोन डोक्यांची झालेली गाय होती आणि तिचं नाव होतं ब्राह्मिन.

पण सगळं बिल पश्चिमेच्या नावाने फाडून चालणार नाही. राक्षस काढण्यात आपणही वस्ताद आहोत. लहानपणीच्या चित्रकथांतला असुर आठवा: काळा रंग, कुरळे केस, जाड ओठ, कानात मोठाली कुंडलं, अंगावर कातडं. देव गोरा नाहीतर निळा, नाक धारदार. हा मूडबोर्ड कुणी बाहेरून पाठवला नव्हता. त्याच मातीत दुसरी वाटही आहे. दशावतारातला संकासुर बघा. काळे कपडे, काळा मुखवटा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. सिल्हूटचा धडा द्यावा तर याच्यावरून, मैदानाच्या टोकाला बसलेल्यालाही तो ओळखू येतो. वेद चोरणारा दैत्य तो, विष्णूच्या हातून मरतोही. पण मरायच्या आधी मालवणीत सूत्रधाराची यथेच्छ फिरकी घेतो आणि प्रेक्षक त्याच्या बाजूने हसतात. जव्हार-मोखाड्याकडे, २०१४ पर्यंत हा भाग ठाणे जिल्ह्यातच होता, बोहाड्याला, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवाला, देव आणि दानव दोघांचीही सोंगं निघतात. मुखवटे करणारे हात तेच, ते घालून नाचणारी माणसंही गावातलीच. राक्षस तिथे परका नसतो, शेजारच्या घरातला कुणीतरी त्या रात्री राक्षस होतो.

हे आता मुद्दाम सांगायचं कारण, गेम इथेही बनू लागलेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' काढला. पहाडी चित्रशैली आणि राजस्थानी वास्तू यांचा त्यात केलेला वापर डोळ्यांचं पारणं फेडतो. राक्षस मात्र बरेचसे राक्षसच आहेत, झुंडीने येतात आणि मरतात. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा 'इंडस' २०२४ मध्ये आला, तो तर सरळ दुसऱ्या ग्रहावर घडतो. म्हणजे भारतीय परग्रहवासी ही आता कल्पना राहिलेली नाही.

कॅरेक्टर आर्टिस्टच्या हातात अशा वेळी काय असतं? खरं सांगायचं तर थोडंच. ब्रीफ लिहिणारा दुसरा असतो. मी हल्ली दोन गोष्टी मागून घेते. एक, मूडबोर्डवर जिवंत समाज असेल तर नुसता 'ट्रायबल' हा शब्द चालणार नाही, कोण, कुठले आणि त्या गोंदणाचा तिथे अर्थ काय, हे लिहून द्या. बऱ्याचदा हे लिहायला बसल्यावर तो फोटो आपोआप गळून जातो. दुसरं, योद्ध्यासोबत त्याच जमातीचा एक न लढणारा काढू द्या. म्हातारा, हिशेबनीस, आचारी, कुणीही. गेममध्ये तो येणार नसला तरी चालेल, दोन दिवसांचं काम असतं. आचाऱ्याला काय नेसवायचं हे ठरवताना कळतं की कवट्या कशासाठी होत्या. बजेट तंग असलं की हे दुसरं चित्र सगळ्यात आधी कापलं जातं. पहिली मागणी मात्र सहसा मान्य होते, कारण तिला पैसे पडत नाहीत.